मागे वळू नका

१० नोव्हेंबर १९८३
आज अंधेरीत मुक्काम टाकला आणि जागेच्या प्रेमातच पडलो. छोट्या विमानांची धावपट्टी संपते तिथे कुंपण, कुंपणाला लागून कोळीवाडा, त्यातलं पहिलंच घर सगुणाबाईंचं. त्यांच्या घरामागची सिमेंटच्या पत्र्यांची खोली माझी. खाली वाळत घातलेले बोंबील, वर शिकाऊ विमानं! इथल्या फ्लाइंग क्लबात मी उड्डाण-सुरक्षेचे वर्ग घेणार. चौकाचौकांत अंधश्रद्धेविरुद्ध घसा कोरडा केला. आता हक्काचे श्रोते मिळतील. विमान चालवता येतं का, असं सगुणाबाईंनी विचारलं. नाही म्हटल्यावर हसल्या, "म्हंजे नुसता बोलतंस!"

१४ नोव्हेंबर, सोमवार
क्लबला सुट्टी, तरी सकाळी एक विमान उडालं. कुंपणापर्यंत आलं आणि इंजिन एकदम गप्प झालं. मी बाहेर धावलो. आभाळ मोकळं. बायका मात्र चुली विझवून गल्लीत उभ्या, वर बघून हात हलवत होत्या. कुंपणाआड काहीतरी आदळलं तशा आत गेल्या. तिकडचं गवत जसंच्या तसं.

सगुणाबाईंनी सांगितलं, तो अनंत. एका शेठचं खाजगी विमान चालवायचा. अशाच सोमवारी उडताच इंजिन गेलं. समोर आमची घरं दिसली म्हणून मागे वळला, कुंपणाच्या आत पडून जळाला. अजून येतो. त्याला माणसं दिसली की वळतो, म्हणून हात हलवायचे.

भर गल्लीत मी भाषण ठोकलं. बायका मासळी निवडत राहिल्या.

१७ नोव्हेंबर
वर्गात सांगितलं, उडताच इंजिनाची ताकद गेली तर मागे वळायचं नाही. वळणात विमान दगडासारखं पडतं. नाक खाली, सरळ समोर उतरा. समोर कोळीवाडा असेल तर, असं एकाने विचारलं; बाकीचे फिदीफिदी हसले. खरं तर थोडं डावी-उजवीकडे मोकळी जागा बघायची असते, पण घोषणा आखूड हवी. मुख्य प्रशिक्षक श्यामसुंदर यांच्याकडे फलक मागितला. भाषण झकास करता, अर्ज द्या, म्हणाले. यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलावं!

२० नोव्हेंबर
मीच छपरावर चढलो. ऑइलपेंटने पुरुषभर उंचीची अक्षरं काढली : मागे वळू नका. सरळ जा. सगुणाबाई खालून ओरडल्या, "ए मास्तर, खुळा झालास काय? तो वाचंल ना!" मेलेले वाचत नाहीत, मी म्हटलं. आणि जिवंत ऐकत नाहीत.

२१ नोव्हेंबर, सोमवार
इंजिन थांबलं. आदळल्याचा आवाज आला नाही. बायका हात हलवत राहिल्या. माझ्या छपरावरून वारा कापत काहीतरी गेलं, अगदी घासून. वाळवणाची दोरी तुटली. खोलीत पेट्रोलचा वास.
सगुणाबाई मातीत पडलेले बोंबील वेचत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर
रंग निघत नाही. खरवडून झालं, रॉकेल ओतून झालं. वर डांबर फासलं. सकाळी अक्षरं पुन्हा पांढरीफटक. श्यामसुंदरना सांगायला गेलो. हसून म्हणाले, तुम्हीसुद्धा?
उद्या सोमवार —

२८ नोव्हेंबर
बायका पोरांना घेऊन किनाऱ्यावर गेल्या. सगुणाबाईंनी दार बडवलं. "चल रं मास्तर, जीव देऊ नको." गेलो नाही. पळालो तर आजवर जे बोललो ते सगळं —
पत्रे रॉकेलने ओले आहेत. स्टोव्ह विझवला. विझवला ना?
आवाज. धावपट्टीवर धावतोय.
उठला.
आवाज थांबला —
दारात उभा राहून हात हलवू? माणूस दिसला तर वळेल. वळला तर पुन्हा मरेल, आणि मीच तर शिकवलं —
दिसतोय. नाक खाली. किती सरळ येतोय. एवढा नीट धडा वर्गात कुणी —
पत्रे थरथरतात
वळत नाही
अखेर कुणीतरी माझं ऐक