डावीकडची पाकळी

ता. ४ ऑगस्ट

चि. ढमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या फ्रेमांच्या दुकानात खिळे ठोकता ठोकता अंगठा काळानिळा झाला असेल, पण हे पाकीट फोडण्यापुरता तरी शाबूत असावा. सोबत नवे फोटो आहेत. घड्याळदुरुस्ती सोडल्यापासून हात शिवशिवत होते, आता हे बरं सापडलं आहे. कॅमेऱ्याला भिंग लावलं की पाकळीवरची लवसुद्धा दिसते. वारा पडायची वाट बघायची, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, माझ्याकडे कधी एवढं टक लावून पाहिलं नाहीत.

मागच्या महिन्यात एकदा डोकं असं ठणकलं की दुपारभर पडून राहिलो. उठलो तो ठणठणीत! सूनबाईने डॉक्टरांचा धोशा लावला होता, मी हसण्यावारी नेलं.

पांढऱ्या फुलाचा मोठा फोटो मात्र झकास मढव. तो वाचनालयातल्या प्रदर्शनात लावणार आहेत. इतकं निर्दोष फूल मला आजवर मिळालं नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढासुद्धा डाग नाही. आपली ठकी म्हणते, आजोबा, हे फूल खोटं आहे. सहा वर्षांची नात आणि जीभ साठ वर्षांची.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा


ता. ११ ऑगस्ट

ती. दादास,
ढमीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोटो मिळाले. सुंदर आहेत, पण तू माझी थट्टा करतोयस की काय? तुझ्या त्या निर्दोष फुलाच्या डावीकडच्या दोन पाकळ्यांची अळीने कुरतडून चाळणी केली आहे. ती अळीही तिथेच आहे, पोट भरून निवांत बसलेली. मी ग्राहकालासुद्धा दाखवली, त्याला ती लगेच दिसली.

आणखी एक. फोटोभोवतीचा पुठ्ठा कापायला बसले तर एकही फूल मधोमध नाही. सगळी उजवीकडे सरकलेली. डावीकडे कुठे वाळकी काडी, तर एकात तुझ्याच कॅमेऱ्याचा पट्टा लोंबतोय. आधी तू असली काडी ब्रशने दूर केल्याशिवाय फोटो काढत नसायचास. पारखून घ्यावं म्हणून गेल्या वर्षीचे फोटो काढून शेजारी मांडले, ते सगळे मधोमध आहेत. ही नवी फॅशन असेल तर मला अडाणी म्हण, पण नसेल तर डोळे तपासून घे. मला ते फोटो बघून बरं वाटलं नाही.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी लिहायचं थांबवू नकोस.
तुझी,
ढमी


ता. १७ ऑगस्ट

चि. ढमीस,
आशीर्वाद, तुझी लायकी नसताना!

माझ्याकडची प्रत काढून भिंगाखाली धरली. अळी नाही, बिळी नाही. डोळे तूच तपास! चाळीस वर्षं मी मनगटी घड्याळांतले केसाएवढे स्क्रू बसवले आहेत. हात आणि नजर जागेवर असल्याचा पुरावा म्हणून पत्राच्या तळाशी घड्याळाची तबकडी काढून देतो. बघ आणि गप्प बस.

इथे सगळ्यांनीच माझ्यामागे भुंगा लावला आहे. सूनबाई म्हणते, ताटात अर्धं टाकता. अगं, भूक कमी झाली, वय झालं. फाटकाचा खांबही गवंड्याने वाकडा बसवला असणार, गाडीची डावी बाजू त्याला दोनदा घासली. इतकी वर्षं नीट होता आणि आताच काय झालं त्याला कोण जाणे.

येत्या शनिवारी ठकीला घेऊन डोंगरावर जाणार आहे. तिथे निळ्या फुलांचा नुसता सडा पडलाय म्हणतात. रस्ता अरुंद आहे आणि चढताना दरी डाव्या हाताला, पण माझ्या पायाखालचा आहे. तुझ्यासाठी असा फोटो काढतो की तोंडात बोट घालशील.

भांडलीस तरी जीव आहे तुझ्यावर.
तुझा,
दादा


ता. २० ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कालपासून फोन लावते आहे, तुमची लाइन मेलेली आहे. म्हणून हे जलद टपालाने पाठवते. उभ्या उभ्या वाच.

दादाने तबकडी काढून पाठवली आहे. बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवलेत, डावा अर्धा कोरा आहे. घड्याळात आयुष्य घालवलेला माणूस हा! माझ्या दुकानात एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांना तबकडी आणि फोटो दाखवले तर त्या हातातलं सामान खाली ठेवून बसल्याच. म्हणाल्या, डोळे ठीक असतील, पण मेंदूत काहीतरी झालंय आणि त्यांच्यापुरती डावी बाजूच उरलेली नाही. त्यांना ते कळत नाही, काही कमी आहे असं वाटतच नाही. त्या डोकेदुखीबद्दल त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्याला गाडी चालवू देऊ नकोस. किल्ली लपव, चाकातली हवा सोड, माझ्या नावाने वाटेल ते खोटं सांग. आणि लगेच इस्पितळात ने. सासऱ्यांना कसं अडवायचं, असा संकोच आत्ता नको. शुक्रवारच्या आधी गाडी नाही, मी तिनेच निघते आहे.

ठकीला सांभाळ. जीव थाऱ्यावर नाही.
तुझी,
आत्या


ता. २३ ऑगस्ट, शनिवार

ती. आत्यांस,
सूनबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. बाबा आणि ठकी उजाडताच गेले. शेजारचे काका मोटारसायकल घेऊन त्यांच्यामागे गेलेत, कोपऱ्यावरच्या दुकानातून पोलिसांना कळवलं आहे. ठकीचे वडील कामावर आहेत, त्यांना निरोप धाडला. आता माझ्या हाती काही नाही. तुम्ही वाटेत असाल, हे पत्र तुम्हाला कधी मिळेल माहीत नाही. पण नुसतं बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

सकाळी ठकी वेणी घालून, बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसली, बाबांच्या डाव्या हाताला. बाबांनी गाडी सुरू केली, वळून मागची सीट पाहिली आणि खिडकीतून मला विचारलं की ठकी कुठे राहिली. मला वाटलं, दोघांचा खेळ चाललाय. ठकीलाही तसंच वाटलं, ती तोंडावर हात दाबून खुदुखुदु हसत होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मीही हसत म्हटलं, शोधा की. शेवटी तिनेच त्यांची बाही ओढली, तेव्हा ते दचकले आणि मग हसले.

मीसुद्धा हसले, आत्या. आणि फाटक मीच उघडून दिलं.

माझ्यावरचा लोभ आज राहू द्या. असेल तेवढा सगळा ठकीच्या पाठीशी उभा करा.
तुमची,
सूनबाई