अडलं की पहिल्यापासून

बाई, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा या पत्राला उत्तर येणार नाही याची खात्री आहे. लिहायला बसले त्याचं निम्मं कारण तेच. मी हल्ली आखातात, दुबईजवळच्या फुजैरा बंदरात असते. जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं सांभाळते. खिडकीतून समुद्र दिसतो, आणि आपली पाळी कधी येते याची वाट बघत नांगर टाकून बसलेली जहाजं. तुमच्याकडे शिकलेल्या संस्कृतचा इथे उपयोग एकच : कंटाळवाण्या मीटिंगमध्ये मनातल्या मनात पाठांतर करता येतं.

त्या पाठांतराचंच आठवलं. शनिवारी सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही पाचजणी. तुम्ही मेथी निवडताय, आणि मी श्लोक म्हणताना अडकते. अडकले की थेट पहिल्या श्लोकावर जायचं आणि तिथून धडाधड म्हणत यायचं, म्हणजे वेगाच्या भरात अडलेली जागा पार होईल, ही माझी युक्ती. होत नाही. तिसऱ्या खेपेला तुम्ही जुडी खाली ठेवता. "अगं, एसटी कराडात बंद पडली, तर ती ढकलत पुण्याला परत नेतात का? अडलीस तिथून उचल!" सगळ्या हसतात. मीही हसते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

तर बाई, माझं हृदय तुमच्या वर्गात असतं तर त्यानं रोज बोलणी खाल्ली असती. ते थकलंय, पसरलंय, असं डॉक्टर म्हणाले. "दो महिने छुट्टी लीजिए, और घर में बताइए." मी "इन्शाल्ला" म्हटलं. नाही म्हणायची ती इथली सभ्य रीत. रजा मागू कशी? नोकरी आहे म्हणून माझा व्हिसा, माझ्या व्हिसावर मुलाचा, आणि त्याचं युनिव्हर्सिटीचं हे शेवटचं वर्ष. नवरा गेल्यापासून सगळं माझ्या एकटीच्या खुर्चीवर उभं आहे. पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू करायचा, त्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात. बघतात क्षयासाठी, पण एवढं सुजलेलं हृदय काही अंग चोरून उभं राहणार नाही.

मुलगा बायोलॉजी शिकतो. मघाशी तो ऑम्लेट करत होता, तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंचं दुखणं म्हणून मी त्याला विचारलं. "दॅट्स सो इंटरेस्टिंग, आई," म्हणून तो इंग्रजीत सुरूच झाला. जीन्स तीच राहतात, पण हृदयावर ताण आला की स्नायूंच्या पेशी त्यातली कोणती वाचायची ते बदलतात. मोठेपणीची काही मिटून ठेवतात, आणि आईच्या पोटात असताना वापरलेली पुन्हा उघडतात. सुरुवातीला त्यानं तग धरता येतो. पुढे तेच अंगाशी येतं. म्हणजे पन्नाशीचं हृदय, अडलं की पहिल्या श्लोकापासून! मला हसू आलं, आणि त्या हसण्यानं धाप लागली.

"मग परत ताळ्यावर येतं का रे ते?"

"सम ऑफ इट. लोड कमी केला तर. बट अर्ली, आई." त्यानं गॅस बंद केला. "ही तुझी ऑफिसवाली आंटी... आडवं झालं की धाप लागते म्हणून तीन उशा घेऊन झोपते का?"

मान दुखते रे माझी, मी म्हणाले. मग गादी कशी जुनी, ती कुठून घेतली, मान पहिल्यांदा कधी धरली, सगळं अगदी आरंभापासून सांगितलं. तो ऐकत होता, माझ्या पायांकडे बघत. सपातेचा पट्टा रुतला होता.

तुमच्याही चपलेचे पट्टे रुतायचे. शेवटच्या वर्षी तुम्ही अर्ध्या ओळीत थांबून खिडकीशी जायचात आणि पाठमोऱ्याच म्हणायचात, "आज एवढंच." मी ते पाहत होते, बाई. काही विचारलं नाही. लवकर सुटलो म्हणून आनंदानं पळाले.

तो आता भिंतीपलीकडे अभ्यासाला बसलाय. हे पत्र तुमच्यासाठी नाहीच. त्याला सांगायचंय ते तुमच्यासमोर पाठ करून घेतेय. ऑफिसातल्या त्या बाई मीच. एवढं एकच वाक्य आहे. त्यापाशी आले की कागद फाडते. हा पाचवा, आणि दर वेळी मी "बाई, तुम्हाला जाऊन" पासूनच सुरुवात केलीय.