पुष्पाबाईचा शेवटचा शब्द आणि माझा हलता दात

धावडा, मंगळवार

तुझी दातांची दाक्तरी गेली चुलीत. तुझ्यापायी काल माझं भांडण बुडालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी जाऊ पुष्पाबाई शेवटचं बोलून गेली (तोंडात एक दात न्हाई तिच्या) आणि मी तोंडात ब्रशचा फेस धरून उभी.

असो. चि. अर्पिता हिला आजीचा आशीर्वाद. हॉस्टेलात पोटभर जेवतीस का ते कळव. इकडं तुझा बाप बरा, आई बरी, म्हैस बरी. माझ्या हिरड्या तेवढ्या सुजलेल्या. पत्र लिहून राह्यले कारण फोनवर तू लगेच म्हणतीस, आजी, आ कर. आ केल्यावर माणसानं बोलावं कसं? (दुसरी पास हाय मी. चुका निघाल्या तर मास्तरला बोल. ते वारले.)

तू पाठवलेला मऊ ब्रश पहिल्या दिवशी मी कढई घासावी तसा घासला. थुंकले तर मोरी लाल. तुझ्या आईनं ओरडत तुला फोन लावला, मंग तू सांगितलं की हळू घासायचं, गोल गोल, दात अन् हिरडीच्या सांध्याला, बाळाची टाळू भरतात तसं. हे बराबर समजलं. तुझीच टाळू भरलीय मी. डोकं मोठं होतं, तेल लई गेलं. तवापासून दोन टाइम घासते, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करते. तंबाखूच्या मिश्रीची डबी तुझ्या आईच्या देखत उकिरड्यावर फेकली. दुपारी ओट्यावर बाया मिश्री लावत बसतात, त्यांच्यात मी रिकाम्या तोंडानं बसते, पंगतीत उपासाची बाई बसावी तशी. पंधरा दिवसांत रक्त कमी झालं हे कबूल करते, पण आईला सांगू नको, गावभर मिरवंल.

काल माझं घासणं चालू अन् पुष्पाबाई दारात. आमच्या म्हशीनं तिची मेथी खाल्ली म्हणे. (खाल्ली. पण ते कबूल करायचं असतंय का?) तुझ्या आईनं मोबाईलमधी दोन मिनिटांची घंटी लावलेली, वाजेस्तोवर थुंकायचं न्हाई असा तुझाच हुकूम. तेवढ्यात पुष्पाबाईनं माझ्या माहेरापासून सुरुवात केली अन् कालच्या कढीपर्यंत सगळं उरकलं. वर, आज हिला माझं पटलेलं दिसतंय, म्हणून चालती झाली. घंटी वाजली तवा ती गल्लीच्या टोकाला. मंग मी कुणाला बोलू, म्हशीला?

तू म्हणतीस घरी घासून अर्धंच काम होतंय, दातावरचं कीटण तुमच्या दवाखान्यातच खरडून घ्यावं लागंल. मी येणार न्हाई. बिलकुल न्हाई. विषय संपला.

तुझी आजी,
झुंबरबाई

ता.क. खालचा पुढचा दात हलून राह्यलाय. जिभेनं ढकलला की जातो, परत येतो. काल पुष्पाबाई बोलत होती तवा गल्लीतली लेकरं हसत होती. तिला वाटलं माझ्यावर हसतात. बिनदाताच्या बाईच्या शिव्या लागत न्हाईत, अर्पिता. मला तसं व्हायचं न्हाई. पुढल्या सोमवारच्या एसटीनं येते. खरडणारा कुणीबी असो, तू जवळ उभी राह्य.

आणखी ता.क. डबी फेकली हे खरं. मिश्री आधी पुडीत काढून घेतली होती. रोज लावत न्हाई. बाजाराच्या दिवशी एक चिमूट. काल भांडण हरल्यावर दोन. एवढ्यानं दात जाईल का राहील, ते जल्दी लिही. फोन नको, तुझी आई कान देऊन बसती. अन् उत्तर नातीनं लिहू नये, नातीला गोड खोटं बोलायला मीच शिकवलंय. दाक्तरीणबाईनं लिहावं.