होल्डॉल दिला नाही

धुळे, मंगळवार, फेब्रुवारी १९८८

आज कुसुमने होल्डॉल द्यायला चक्क नकार दिला. अजून हसू येतंय.

लग्नात सासऱ्यांनी दिलेला हा प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायचा होल्डॉल. काशी, रामेश्वर, जगन्नाथपुरी, सगळं बघून आला, पण आमच्याबरोबर नाही. गल्लीत कोणी प्रवासाला निघालं की आमच्याकडून मागून नेतात. आणि मी? घर, कचेरी, सायकल. फार तर शिंदखेड्याला तिच्या माहेरी, तेही एसटीने, एक पिशवी घेऊन. निवृत्त झालो की फिरू, असं कितीदा म्हणालो असेन. ती नुसतं "हूं" म्हणायची. मला वाटायचं, हिला घर सोडवत नाही.

संध्याकाळी शेजारचे नाना आले. हरिद्वारला निघालेत, होल्डॉल हवा होता. मी माळ्यापाशी स्टूल लावलं, तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नही नाना. आमलेच जानं शे." हट्टाला पेटली की माहेरची बोली तोंडात येते तिच्या.

"कुठं? कधी?" नाना माझ्याकडे बघायला लागले. आम्हालाच जायचंय, हे मला काय माहीत? निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. नाना जरा घुश्शातच गेले. उद्या त्यांना आमचं जाजम तरी नेऊन देईन.

मग होल्डॉल खाली काढला, ओसरीत उलगडला. कप्प्यात वाळू निघाली. पुरीची असणार, शेवटचा तिकडेच गेला होता. मी झटकायला गेलो, तर तिने हात धरला.

"राहू द्या. आपणच परत नेऊन टाकू."