देवभाताचं बी

मु. कुंभिवली, ता. खालापूर
भाद्रपद, सन १९७८

चि. जयवंता यास धाकलूमामाचे (अर्धपोटी असले तरी मनापासून) आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. भाताला यंदाही करपा लागला. पानापानावर डोळ्यासारखे ठिपके. बांधावर गेलो की सगळं शेत माझ्याकडं बघतंय असं वाटतं, मग मी खाली मान घालून घरी येतो.

तुझं पत्र पोचलं. देवभाताचं बी ताबडतोब पाठव, तुमच्या शेती कॉलेजातले सर थांबलेत म्हणे. अरे बाबा, थांबलेत तर त्यांना आधी बसायला सांग. गेल्या गणपतीत तूच तळ्याच्या काठावर म्हणाला होतास, की गावाचं भात करपलं, पण तळ्यात आपोआप उगवणारं हे रानटी भात हिरवंगार आहे; करप्याला दाद न देणं त्याच्या वाणातच आहे, आपल्या भाताशी संकर केला तर आपलंही तगेल. मला पटलं. (सोयरीक जुळवताना आपण तरी दुसरं काय बघतो?) म्हणून दिवाळीआधी तळ्यात उतरलो. देवभाताचा दाणा पिकला की हात लावायच्या आत पाण्यात गळतो, म्हणून एकेका लोंबीला मामीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. आठ दिवस कमरेएवढ्या पाण्यात, पायाला जळवा, आणि काठावरून शेजारचा पदू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय, धाकलू लोंब्यांना झबली घालतो! पण शेरभर बी जमवलं. मामीच्या हातात देऊन म्हटलं, “लई मोलाचं हाय गं, जपून ठेव.” कशासाठी ते सांगितलं नाही. तिथंच माती खाल्ली.

आता तूच सांग, आपल्याकडं देवभात कशासाठी जपतात? ऋषिपंचमीसाठी! त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं चालत नाही. मामीनं वर्षभर जपलं, कांडलं, शिजवलं. उपास तिचा, पण भात दोनदा मागून घेतला मी. वर वासाचं कौतुक केलं. हात धुतो तोच पोस्टमन तुझं पत्र घेऊन दारात. मी डोक्याला हात लावला, तर म्हणते, “तुमीच म्हनलात जपून ठेव. ठेवलं नाय का?” तेव्हा बी गेलं ते मामीमुळं, असं सरांना कळव.

तुझा मामा,
धाकलू

ता. क. : तळ्यातून पुन्हा गोळा कर, असं लिहू नकोस. तळं उन्हाळ्यात बुजवलं. तिथं कारखान्याचं गोडाऊन होतंय.

ता. क. दुसरा : मामीला उगीच बोल लावला रे. तळं असतं तर शेरभर बी खाल्लं म्हणून काय बिघडलं असतं? बुजवायला हरकत नाही, अशा कागदावर पहिली सही माझी. मामीला ठाऊक नाही. सलग दोन वर्षं भात गेलं होतं आणि त्यांनी मला वॉचमनची नोकरी कबूल केली होती. दिली. हे पत्र तळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून लिहितोय. पाय अगदी कोरडे आहेत.

ता. क. तिसरा : तिकडं कुठं देवभात दिसलं तर मूठभर पाठव. या खेपेला मामीकडं देणार नाही, पेरीन. कुठं, ते मात्र तूच कळव.