तेरावा आवाज

१३ एप्रिल १९८६, रविवार

आज पुन्हा बलक पक्ष्याला आणि पांढरं मला! मुगाच्या पिठात बलक कालवायला ह्यांनी घेतला तो माझाच चमचा. मग कोंड्यातल्या अळ्या काढल्या, नखाने एकेकीचं डोकं चिरडलं, चंडोलाला भरवल्या — आणि हात न धुता माझ्या वाफवलेल्या पावाला हात! मी वाडगा उचलला नि अंगणात जाऊन जेवले.

अळ्यांची बरणी पिठाच्या डब्याला चिकटून असते. तीनदा हलवली. तीनदा परत तिथेच. शी!

१४ एप्रिल

नातीला, दोउदोउला, आज महिना झाला. महिना भरला की लेक तान्ह्याला घेऊन माहेरी येते, 'घरटं हलवायला'. माझ्या आईने केलं, तिच्या आईने केलं. मी सकाळपासून रजया उन्हात टाकल्या होत्या. जावई तारीख विचारायला आला.

हे म्हणाले, "चार मेनंतर बघू."

"का हो बाबा?"

"चार तारखेला पारख करणारे क्वानबाबा चहाच्या दुकानात पक्षी ऐकायला बसणार. आपल्या चंडोलाचे बारा आवाज झालेत, तेरावा राहिलाय. तुमचं पोर इथे दिवसभर रडणार, ह्याने ते उचललं की संपलं सगळं!"

जावयाला थट्टा वाटली, तो हसला. मग ह्यांचं तोंड पाहिलं आणि उठलाच. चहा न घेता गेला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. सख्ख्या नातीला दार बंद, कशासाठी तर मूठभर पाखरासाठी! रजया परत घडी करून ठेवल्या.

१५ एप्रिल

राग अजून उतरला नाही.

काय तर म्हणे, चंडोलाने तेरा आवाज काढायचे, तेही ठरलेल्या क्रमाने. आधी चिमण्यांचं भांडण, मग कोंबडी, घार, पाण्याच्या ढकलगाडीची कुरकुर... शेवटी मांजर. मधेच भलता आवाज निघाला तर पक्षी 'घाणेरड्या तोंडाचा' ठरतो. मग त्याला कुणी आपल्या पक्ष्याजवळ टांगू देत नाही. मान पिरगळायची, नाहीतर परगावी देऊन टाकायचा.

म्हणून आमच्या घरात शिवणाचं मशीन बंद. कोबीचं सारण दोन सुऱ्यांनी कुटायचं नाही. खोकला आला तर गल्लीत जायचं. माझ्याच घरात चोरासारखी वावरते मी! उत्तरेच्या माळावर गवतात, उघड्या जमिनीवर घरटं करणारी जात ही. तिला माणसांची कसली शिस्त लावता? पण ऐकतंय कोण.

१८ एप्रिल

कळस झाला. ह्यांनी शेजारच्या मा काकूंचं मांजर उसनं आणलं आणि झाकलेल्या पिंजऱ्याशेजारी बसून त्याची शेपूट ओढत होते. "ओरड ग राणी, एकदा नीट ओरड!" साठीचा माणूस! राणीने मनगट ओरबाडलं आणि भिंतीवरून पळाली. बरं झालं. मी आयोडीन लावायला गेले नाही.

मा काकू दारात येऊन ओरडल्या, "तोंगबाई, तुमच्या ह्यांना म्हणावं, स्वतःची शेपूट ओढा!"

हे ओठांवर बोट ठेवून म्हणतात कसे, "हळू! पक्षी ऐकतोय!"

२० एप्रिल

लेकीचा, सुवेनचा निरोप. "पोरीला येऊ देत नाहीत तर आईला म्हणावं, तूच ये."

कशी जाऊ? तिच्या लग्नात विहीणबाईंनी वीस माणसांत मी दिलेल्या रजईची शिवण उसवून दाखवली होती. "जुना कापूस भरलाय," म्हणे. नवा होता! मी स्वतः पिंजून घेतला होता. त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही असं मी तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं. सुवेनला ठाऊक आहे. तरी बोलावते. आणि मी इथे नातीसाठी वाघाच्या तोंडाचे बूट शिवत बसलेय, हाताने, आवाज न करता. अजून मी पोरीचं तोंडही पाहिलं नाही. रडू येतं आणि रडायचीही चोरी.

२४ एप्रिल

ह्यांची सकाळची फेरी लांबत चाललीय. पूर्वी पिंजरा घेऊन पहाटे गेले की सातला परत. आता साडेआठ होतात. लापशी गार होते, मी गरम करत नाही.

कोटाच्या खांद्यावर पांढरा डाग, आंबूस वासाचा. "चिमणीने केलं," म्हणाले. रोज त्याच खांद्यावर? कोट दोन काठ्यांनी उचलून बादलीत टाकला.

२७ एप्रिल

आजही डाग.

३० एप्रिल

हे खुशीत आहेत. आरशासमोर दाढी करताना चक्क गुणगुणत होते. मी म्हटलं, "आवाज बंद! पक्षी उचलेल!" एकदम गप्प झाले. मला फार बरं वाटलं.

बूट झाले. मिशा लाल दोऱ्याच्या. नातीचे पाय मला माहीत नाहीत, अंदाजाने शिवलेत. ह्या माणसाचं तोंड पाहायची इच्छा उरलेली नाही. बत्तीस वर्षं!

४ मे, रविवार

संपलं!

हे नवा कोट घालून गेले आणि अकरालाच परत आले. पिंजऱ्यावर फडकं. भिंतीकडे तोंड करून बसले. मा काकूंचे यजमान तिथे होते, त्यांनी येऊन सांगितलं. चंडोलाने बारा आवाज असे काढले की कपबशी वाजली नाही कुणाची. मग तेरावा सुरू झाला. लोक म्हणाले, वा, मांजर! क्वानबाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मांजर नाही हे. तान्हं मूल आहे." कप पालथा घातला आणि उठून गेले. मागून सगळे उठले, आपापले पिंजरे छातीशी धरून.

मी ह्यांना विचारलं, "कुणाचं मूल? आपल्या गल्लीत तान्हं आहे कुठे?"

हे पिंजऱ्यावरचं फडकं नीट करत राहिले.

"मग आता मान पिरगळा. तुमचाच नियम. सूर्य मावळायच्या आत."

"हो," म्हणाले.

मला वाईट वाटलं का? नाही. चांगलं झालं असंच वाटलं, खोटं कशाला लिहू. उद्याच निरोप धाडते सुवेनला, ये म्हणून. अळ्यांची बरणी मी गटारात ओतली.

५ मे

मान पिरगळली नव्हती. सकाळी ह्यांनी फडकं काढलं आणि म्हणाले, "ऐक." पक्षी वाळूवर इकडून तिकडे धावला, मधल्या ओट्यावर चढला आणि रडला. आधी बारीक, मग श्वास अडकल्यासारखा, मग मोठ्याने.

हे म्हणाले, "भूक लागली की दोउदोउ अशी रडते. झोप आली की वेगळी. मी खांद्यावर घेतो, मग थांबते."

मला वाटलं उलथणं फेकून मारावं. तीन आठवडे! मला कोंडून ठेवलं, आणि स्वतः रोज सुवेनच्या घरात! पक्षी झाकून दारात टांगायचे म्हणे. झाकलेला पक्षी जास्त ऐकतो हे पंचवीस वर्षं पक्षी पाळणाऱ्याला कळू नये? पण पक्षी पुन्हा रडला आणि माझे हात आपोआप पुढे झाले.

मी बूट रुमालात बांधले. म्हटलं, "चला. विहिणीचं दार दाखवा."