ताईचा मिस्ड कॉल

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०

ताईचा मिस्ड कॉल आला नाही. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी उगाच कांगावा करते.

हे गेले तेव्हा ताईनेच नियम घातला होता. रोज सकाळी सातला तिने एक रिंग द्यायची, मी एक उलट द्यायची. उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे "उठले, ठीक आहे." दोन रिंगा म्हणजे "बोलायचंय, तू कर." रिंग आली नाही तर पुढच्या बसने येईन आणि दार फोडेन, असं म्हणाली होती. आता लोक फोनवर तासन्‌तास फुकट बोलतात, पण आमचा नियम चालू. नऊ वर्षांत एकदाही चुकला नाही.

आज चुकला. कारण उघड आहे. परवा रविवारी आमचं वाजलं. ताई म्हणाली, पुरे झालं एकटं राहणं, माझ्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, रिकामी खोली आहे म्हणून बोलावतेस? मी काय अडगळ आहे? ती म्हणाली, तुझ्याशी बोलण्यापेक्षा तोंडाला कुलूप लावलेलं बरं. मी म्हटलं, लाव मग.

तर लावलंय. ठीक आहे. मीही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली आहेत. गप्प कसं बसायचं ते मला कुणी शिकवायला नको.

संकल्प: आपण आधी फोन करायचा नाही.

संध्याकाळी माळ्यावरची निळी बॅग काढली. फक्त पुसायला.

५ फेब्रुवारी

फॅमिली ग्रुप सोडला.

सकाळी भाच्याने ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांना विनंती. आईला फोन करू नका, मला करा." वाचलं आणि डोकंच फिरलं. ताईने आता सेक्रेटरी नेमला! जिच्याबरोबर मी एका पांघरुणात झोपले, तिच्याशी बोलायला मी लाटसाहेबांची परवानगी घ्यायची? (भाच्याला आम्ही लहानपणापासून लाटसाहेब म्हणतो. वयाच्या चौथ्या वर्षी तो दूध परत पाठवायचा.)

खाली आणखी काहीतरी तो टाइप करत होता, तसं वर दिसत होतं. थांबले नाही. ग्रुपमधून बाहेर पडले. फोनमध्ये दार आपटायची सोय नाही, ही मोठी उणीव आहे.

९ फेब्रुवारी

आठवडा होत आला. रिंग नाही. फोन बिघडला असावा, अशी शंका आली. शंका नाही, खात्रीच. घेऊन गेले दुकानात.

लिफ्टमध्ये आम्ही पाचजण होतो. चौघं खाली माना घालून. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं तर वरच्या मजल्यावरच्या बाईने कानातून इअरफोनचं एक बूच काढून "काय?" विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिने बूच परत बसवलं. पूर्वी माणूस घरात नसला तर फोन बिचारा वाजून वाजून थकायचा. आता माणूस फोन हातात घेऊन समोर उभा असतो, आणि तरी घरात नसतो.

फोनवाल्याने उलटसुलट बघितलं. म्हणाला, आजी, फोन मस्त आहे. मी म्हटलं, मग वाजत का नाही? तो म्हणाला, कुणी करत नसेल. या पिढीला रीत म्हणून नाही. मी त्याला म्हटलं, तू कर. त्याने त्याच्या फोनवरून केला. माझा वाजला. दुकानातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. पुन्हा एकदा करायला लावला. टेस्टिंग म्हणून.

आवाज चांगला आहे. घरी येईपर्यंत फोन पर्समध्ये न ठेवता हातातच धरला.

१२ फेब्रुवारी. सकाळी ७.०४

आली! रिंग नाही, पण ताईच्या नंबरवरून एक व्हॉइस मेसेज. म्हणजे तिच्या नातीने तिला स्मार्टफोन दिला तर. मी वर्षभर सांगत होते तेव्हा "मला नको बाई" करत होती.

लावला. आत काहीच नाही. नुसती खरखर. बंद केला.

एक्स्चेंजमध्ये हे पहिल्या दिवशी शिकवतात. लाईनवर तीन सेकंद आवाज नाही, तर ब्लँक कॉल. पिन काढायची, पुढचा घ्यायचा. समोरच्याची वाट बघत बसलात तर बोर्डावर वीस दिवे लागतात. नव्या मुली दयामाया दाखवायच्या, "हॅलो, हॅलो" करत बसायच्या. मी सुपरवायझर झाल्यावर अशा प्रत्येकीकडून चोवीस तासांत लेखी खुलासा मागायचे. नंतर कुणी वाट बघितली नाही.

तीन सेकंद. डिलीट.

१५ फेब्रुवारी

रोज सातला येतोय. आज चौथा. रोज तेच. तीन सेकंद ऐकते, काही नाही, डिलीट.

आज लक्षात आलं. हा ब्लँक कॉल नाही. हा टोमणा आहे. "लाव मग" म्हणालीस ना, बघ, लावलं कुलूप! रोज सकाळी मला तिचं कुलूप ऐकवतेय. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतकं डोकं! लहानपणीही अशीच. माझ्याशी अबोला धरला की माझ्यासमोर येऊन बसायची आणि गप्प राहायची. दुसऱ्या खोलीत जाऊन गप्प बसणं तिला कधी जमलं नाही.

थोडं बरं वाटलं. म्हणजे ताई ठणठणीत आहे.

१७ फेब्रुवारी

लाटसाहेबांचा फोन. कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट. मध्यस्थ चालणार नाही. मग मेसेज: "मावशी फोन उचल. आईला बरं नाही. जरा येऊन जा."

ताईला बरं नाही, ही काय बातमी आहे? पित्त, गुडघे, उजवा खांदा, थंडीत डावा. आणि "जरा येऊन जा" म्हणजे काय? मी काय गॅसचा रेग्युलेटर बघायला येणारा माणूस आहे? बसने चार तासांचा रस्ता आहे. ज्या घरात मला अडगळ समजतात, तिथे असं कुणाच्या टाइप केलेल्या अर्ध्या ओळीवर जायचं नाही.

बॅगेत दोन साड्या घालून बघितल्या. बॅगेची चेन नीट लागते का ते बघायला. लागते. काढायचा कंटाळा आला म्हणून आतच ठेवल्या.

२० फेब्रुवारी

विचार करून ताईला रीतसर मेसेज पाठवला. कॉन्व्हेंटमध्ये मदर शिकवायच्या, भांडणातही पत्राचा मायना सोडू नये. लिहिलं: "ती. ताईस, सा. न. तुझी मागची खोली राहण्यासाठी देण्याबाबत तू तोंडी सुचवलं होतंस. तोंडी निमंत्रण मी ग्राह्य धरत नाही. लेखी आल्यास विचार करीन. तुझी, धाकटी."

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. म्हणजे वाचलं. आता ती काहीतरी लिहील म्हणून अर्धा तास फोनकडे बघत बसले. दूध उतू गेलं.

आला तो व्हॉइस मेसेज. मी लेखी मागितलं आणि ही खरखर पाठवते! आज मी तीन सेकंदही दिले नाहीत.

२४ फेब्रुवारी

अशक्तपणा झाला. आज पाच सेकंद ऐकलं.

श्वास. जोरजोरात. वजन उचलताना घेतात तसा. आणि मागे कुणी बाई म्हणत होती, "हां, हां, अजून एकदा." म्हणजे टीव्ही चालू आहे. मला टोमणा मारतानाही ताईसाहेबांची सिरियल बंद होत नाही. बंद केला. डिलीट.

खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही हल्ली गप्प गप्प असता. मी म्हटलं, दोन बहिणींची स्पर्धा चालू आहे, मी जिंकतेय.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ताई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, एकदम. रोज सातला हजेरी लावते.

घरी आल्यावर विनाकारण बसचं वेळापत्रक फोनवर बघितलं. पहिली बस साडेसहाला. उद्या गेलं तर सातची खरखर बसमध्येच येईल, आणि दारात मला बघून मी आधी नमले हे तिला कळेल. परवा बघू.

२६ फेब्रुवारी. सकाळी ७.१५

आला. अठरा सेकंदांचा आहे. एवढा लांब कधीच नव्हता. लावलाच नाही. डिलीटही केला नाही. पडू दे. खाली निळा ठिपका येत नाही तोवर तिला कळेल की मी ऐकलेला नाही. वाट बघू दे जरा तिलाही.

ठरलं. रविवारी जायचं. न सांगता, पहिल्या बसने. दार उघडलं की म्हणायचं, "कुलूप काढायला आले." वाक्य छान जमलंय. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

२७ फेब्रुवारी. सकाळी ७.४०

आज काहीच नाही. ना रिंग, ना खरखर.

लाटसाहेबांचे चार फोन येऊन गेले. घेतले नाहीत. ताईला हवं असेल तर ताईने करावा. मी हातात फोन घेऊनच बसले आहे.

त्याच दिवशी. ११.२०

मेसेज आला. "मावशी, पहाटे आई गेली." पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

अशी बातमी टाइप करतात? अंगठ्याने? ट्रंक लाईनवर अशा बातम्या मी शेकड्याने जोडून दिल्या आहेत. तेव्हा लोक आधी विचारायचे, बसला आहात का. आम्ही तीन मिनिटं झाली तरी लाईन तोडायचो नाही. त्या एकाच कॉलला तोडायचो नाही.

चित्र पाठवतात.

२ मार्च

परत आले. बॅग उघडली नव्हती, तशीच आणली.

लाटसाहेब दारातच उभा होता. मी सगळ्यांदेखत त्याला झापलं. म्हटलं, मला एक फोन करता आला नाही? तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "किती केले गं, मावशी." त्याचे केस पांढरे झालेत. कधी झाले, मला कळलंच नाही. त्याच्या प्रोफाइलला जुनाच फोटो आहे.

मग त्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ताईला झटका आला तो सोमवारी रात्री, आमचं वाजल्यावर दुसऱ्याच दिवशी. उजवा हात गेला, बोलणं गेलं. सगळं ग्रुपवर टाकत होतो, म्हणाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर बोलणं शिकवणाऱ्या एक बाई यायला लागल्या. ताईने घड्याळाकडे बोट दाखवून वेळ ठरवून घेतली. सातची. त्या बाई म्हणाल्या, आधी पाणी म्हणायला शिका, औषध म्हणायला शिका. ताईने नाही म्हणून मान हलवली. तिला एकच शब्द शिकायचा होता. डाव्या हाताने फोनचं बटण दाबून ठेवायची आणि जोर लावायची. पहिले काही दिवस नुसता श्वास. नंतर शब्द यायचा, पण यायला दहा-बारा सेकंद लागायचे. आला की घरातले सगळे टाळ्या वाजवायचे.

मी म्हटलं, कुठला शब्द?

तो म्हणाला, "ये."

मागच्या खोलीत नवी चादर घातलेली होती. पलंगाशेजारी प्लगपॉइंट बसवून घेतलाय. माझा चार्जर तिथे पोहोचावा म्हणून, ताईने जानेवारीतच. नात म्हणाली, मावशीआजी, तुमच्याकडचे मेसेज डिलीट झाले असले तरी आजीच्या फोनमध्ये सगळे आहेत, ऐकता का? मी म्हटलं, मला बस गाठायची आहे.

बसला अजून तीन तास होते. स्टँडवर बसून राहिले.

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०

रिंग नाही.

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

आजच्या तारखेला आणि वेळेला तुझी रिंग आलेली नाही, याची नोंद घेण्यात आली आहे.

माझ्या फोनमध्ये तुझा २६ तारखेचा एक मेसेज आहे. अठरा सेकंदांचा. तो मी ऐकलेला नाही आणि ऐकणार नाही, कारण ऐकला की तो ऐकून झालेला होईल. शिवाय तोंडी गोष्ट मी ग्राह्य धरत नाही, हे तुला आधीच कळवलं होतं.

लाटसाहेब म्हणतो की तू मला बोलावलं होतंस. एका अक्षराला मी निमंत्रण मानत नाही. कुणी यायचं, कधी यायचं, किती दिवस राहायचं, भांडण झाल्यास कुणी आधी बोलायचं, कशाचाच त्यात खुलासा नाही. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहेस. असं अर्धवट काम तू कधी केलेलं नाहीस.

तरी उद्या, ४ मार्च रोजी, सकाळी सातच्या आत पूर्ण वाक्यात, तुझ्या सहीने, लेखी उत्तर यावं. बॅग दाराशी ठेवली आहे. पहिली बस साडेसहाला असते, ती चुकली तरी नऊची आहे.

उत्तर न आल्यास मुदत एक दिवसाने वाढवण्यात येईल. त्यानंतर आणखी एक दिवसाने.

तुझी,
धाकटी